इतिहासात बीए करायचं आहे: पुणे विद्यापीठात काय शिकायला मिळतं आणि कॉलेज कसं निवडावं

प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. बारावी कला शाखेतून झाली, 71 टक्के मिळाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बीएला इतिहास घ्यायचा आहे. तीन वर्षांत नेमकं काय शिकवतात, मेजर-मायनर म्हणजे काय, कॉलेज कोणत्या निकषावर निवडायचं आणि पुढे काय, हे तिला हवं आहे. इंग्रजीची भीती वाटते, असंही ती म्हणते. शेवटी तिनं लिहिलंय, "वडील म्हणतात, सनावळ्या पाठ करून कुणाचं पोट भरलंय?"

मी गेली 27 वर्षं या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत इतिहास शिकवतोय. तालुक्याच्या गावी शिकवलं, शहरात शिकवलं, अभ्यासक्रम तीन-चार वेळा बदलताना पाहिले. म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडिलांनाही वाचून दाखव.

आधी अभ्यासक्रम. पुणे विद्यापीठात 2019 चा पॅटर्न आला, त्यात एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, प्राचीन भारत होता: पहिल्या सत्रात प्रागैतिहासिक काळापासून मौर्यांपर्यंत, दुसऱ्या सत्रात मौर्योत्तर काळापासून राष्ट्रकूटांपर्यंत. एसवायला जनरल पेपर मराठ्यांच्या इतिहासाचा, 1630 ते 1707 आणि मग 1707 ते 1818. ज्यांनी इतिहास स्पेशल, म्हणजे मुख्य विषय म्हणून, घेतला त्यांना शिवाय मध्ययुगीन भारत, म्हणजे सुलतानशाही आणि मुघल, आणि आधुनिक जगाची ओळख. टीवायला 1885 ते 1947 ची राष्ट्रीय चळवळ, 1947 ते 1991 चा स्वतंत्र भारत, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातला महाराष्ट्र, इतिहासलेखनशास्त्राची ओळख आणि उपयोजित इतिहास. मुंबई विद्यापीठात त्याच सुमारास पहिल्या वर्षाची सुरुवात आधुनिक भारतापासून होत असे आणि प्राचीन भारत दुसऱ्या वर्षी. क्रम वेगळा, पण मुक्काम साधारण तेच.

आता नवीन शैक्षणिक धोरण लागू झालंय. विद्यापीठाचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं यांत 2023-24 पासून, संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून. पेपरांची नावं, क्रम, क्रेडिट बदलले. तरी वर सांगितलेला गाभा बराचसा तोच आहे, तो नव्या चौकटीत विभागला गेलाय. त्यामुळे वरच्या वर्षाच्या ताईदादांच्या नोट्स मिळाल्या तर फेकू नकोस, पण प्रवेश घेताना त्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घे आणि वाच. माझ्याकडे दरवर्षी असे विद्यार्थी येतात, ज्यांनी दुसऱ्या वर्षापर्यंत आपला अभ्यासक्रम एकदाही उघडून पाहिलेला नसतो. त्यांना गाईडवाल्यानं जे छापलं तोच अभ्यासक्रम वाटतो.

मेजर म्हणजे तुझा मुख्य विषय, पूर्वी ज्याला आपण स्पेशल म्हणायचो तोच. मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. बऱ्याच संलग्न कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला मेजर कोणता, मायनर कोणता हे ठरवायचं, अशी सोय आहे. ही सोय चांगली आहे. वर्षभर वर्गात बसून मग ठरव. याशिवाय ओपन इलेक्टिव्ह असतो, तो दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो, म्हणजे कला शाखेच्या मुलीनं वाणिज्य किंवा विज्ञानाकडचा. मग भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे पेपर, फील्ड प्रोजेक्ट आणि तिसऱ्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग. एवढी नावं ऐकून पोरं गांगरतात. गांगरू नकोस. एक हिशेब लक्षात ठेव: वर्षाला 40 ते 44 क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, प्रात्यक्षिक असेल तर 30 तास. तीन वर्षांचे 120 ते 132 क्रेडिट झाले की पदवी. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि चार वर्षांनंतर एमए एका वर्षात होतं. चौथ्या वर्षाचा निर्णय आज घ्यायची गरज नाही.

मायनरबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. शिक्षिका व्हायचा विचार मनात असेल तर भूगोल घे. आपल्या शाळांत इतिहास-भूगोल बहुतेक एकाच शिक्षकाकडे असतात आणि बीएडला दुसरा अध्यापन विषय लागतो. संशोधनाकडे ओढा असेल तर मराठी किंवा संस्कृत. स्पर्धा परीक्षा डोक्यात असतील तर राज्यशास्त्र. मैत्रिणीनं घेतला म्हणून कोणताही घेऊ नकोस.

हे झालं कागदावरचं. आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

पेपरांची नावं एका विद्यापीठाच्या सगळ्या कॉलेजांत सारखीच असतात. फरक पडतो तो त्या तीन वर्षांत तू किती वेळा मूळ साधनाला हात लावतेस यानं. साधन म्हणजे कागद, नाणं, शिलालेख, ताम्रपट, जुनी वास्तू, एखाद्या म्हाताऱ्या माणसाची आठवण. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक वाक्य कुणीतरी अशाच एखाद्या साधनातून काढलेलं असतं. ते कसं काढलं, हे कळलं की सनावळी आपोआप लक्षात राहते. ते न कळता केलेलं इतिहासाचं बीए म्हणजे खरंच नुसतं पाठांतर, आणि मग तुझ्या वडिलांचं म्हणणं बरोबर ठरतं.

एक उदाहरण देतो. दरवर्षी मराठ्यांच्या इतिहासाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एवढंच लिहितो: सु॥ इहिदे सितैन मया व अलफ. आणि विचारतो, ही कोणती भाषा? मुलं म्हणतात उर्दू असेल, फारसी असेल. मी सांगतो, हे पेशव्यांच्या मराठी पत्रातलं आहे, मोडी लिपीत लिहिलेलं, आणि हे वर्ष आहे. शुहूर सन. आकडे अरबी शब्दांत लिहायची पद्धत होती. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सब्बा सात, समान आठ, तिस्सा नऊ, अशर दहा. सितैन म्हणजे साठ. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. आधी एकक, मग दशक, मग शतक, मग हजार, असं उलटं वाचायचं. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: 1161. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीचा हंगाम धरून सरकारी हिशेब चालत, त्याला हे सोयीचं. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढे 600. तर 1161 म्हणजे जून 1760 ते जून 1761.

एवढं झालं की वर्ग शांत होतो. कुणीतरी हळूच म्हणतं, "सर, पानिपत." 14 जानेवारी 1761.

ही तारीख त्या मुलांना शाळेपासून पाठ असते. पण त्या दिवशी ती त्यांनी स्वतः काढलेली असते. मराठी पत्रात अरबी आकडे, शेतकऱ्याचा मृग आणि पेशव्यांचा हिशेब एका ओळीत एकत्र कसे आले, हा प्रश्न मग मुलंच विचारतात. तिथून सुलतानशाहीच्या काळातल्या कारभाराकडे, निजामशाही-आदिलशाहीच्या दप्तराकडे आपोआप जाता येतं. मध्ययुगीन भारताचा पेपर कंटाळवाणा वाटत नाही.

तुझ्या बाबतीत तर मला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे. तू जुन्नरची. प्राचीन भारताच्या पेपरात सातवाहन आहेत, व्यापारी मार्ग आहेत, श्रेणी आहेत. श्रेणी म्हणजे कारागिरांचे संघ. दिल्लीतला किंवा नागपुरातला विद्यार्थी हे पुस्तकात वाचतो. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख दगडात कोरलेले आहेत, यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं आहेत. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची त्यात मोजदाद आहे, आणि ते आकडे अंकांत कोरलेत. भारतातल्या अगदी जुन्या अंकांचा अभ्यास करायचा तर जगभरच्या अभ्यासकांना त्या भिंतीचं नाव घ्यावं लागतं. समोरच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आज फक्त पावलं उरलीत आणि वर नावं. पावसाळ्यात तिथे सेल्फी काढायला गर्दी होते. तू एकदा गर्दी नसताना जा, वही घेऊन जा, आणि जेवढी अक्षरं दिसतील तेवढी नुसती उतरवून काढ. वाचता आली नाहीत तरी चालेल. ब्राह्मीचा तक्ता नंतर मिळेल, आणि मग तीच वही उघड.

इतिहासलेखनशास्त्र हा पेपर मुलांना सगळ्यांत अवघड जातो. नावंच नावं, व्याख्याच व्याख्या. पण याच पेपरात इतिहासकाराचं खरं काम आहे. शिवाजी महाराजांचा जन्म 1627 चा की 1630 चा, हा वाद आपल्या घराघरांत माहीत आहे. एकेकाळी 1627 हेच धरलं जाई. मग जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घटनांच्या नोंदी, लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. आता प्रश्न असे: शकावली कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, तिच्यातल्या बाकीच्या तारखा दुसऱ्या साधनांशी जुळतात का, बखर जास्त विश्वासार्ह की शकावली, आणि का? हे प्रश्न ज्या मुलीला विचारता आले तिला साधनांचं बाह्य आणि अंतर्गत परीक्षण म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही. शिवाय मोबाईलवर रोज येणाऱ्या इतिहासाच्या नावाखालच्या संदेशांकडे ती वेगळ्या नजरेनं बघू लागते. आजच्या घडीला हे शिक्षण मला फार मोलाचं वाटतं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. पुष्कळ मुलं शिवचरित्राच्या प्रेमापोटी इतिहास घेतात. ते प्रेम खरं असतं. पण मराठ्यांच्या इतिहासाला सगळ्या अभ्यासक्रमातला एक भाग मिळतो. बाकी अल्लाउद्दीन खिलजीचं बाजारनियंत्रण आहे, मनसबदारी आहे, फ्रान्सची राज्यक्रांती आहे, रशियाची आहे, फुले-रानडे-आगरकर आहेत, 1947 नंतरचं भाषावार प्रांतरचनेचं राजकारण आहे. आणि मराठ्यांचा इतिहासही नुसत्या लढायांचा नाही. जमीन महसूल, वतनं, चौथाई-सरदेशमुखी, पेठा, दुष्काळ हे सगळं त्यात येतं. ज्याला फक्त लढाया हव्या असतात तो दुसऱ्या सत्रात निराश होतो. तुझा कल तपासून बघ.

आता कॉलेज. इमारत, कॅन्टीन, नाव यांच्यापेक्षा इतिहास विभागात जा आणि चार गोष्टी विचार. पूर्णवेळ शिक्षक किती? की सगळे तासिका तत्त्वावरचे, आणि तेही दरवर्षी बदलणारे? ग्रंथालयात साधनग्रंथ आहेत का? इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी संपादित केलेले मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड, गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे 45 भाग, निदान त्यांतले काही कपाटात दिसले पाहिजेत, आणि कपाटाला कुलूप नसलं पाहिजे. गेल्या वर्षी क्षेत्रभेट कुठे नेली होती आणि मुलांनी काय लिहिलं, त्याची एखादी वही दाखवा म्हणावं. कौशल्याच्या पेपरात मोडी आहे का, हेही विचार. काही कॉलेजं पर्यटनाचा पेपर देतात, काही मोडी. मोडी देणारं मिळालं तर सोडू नकोस.

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो कारण उलटंही पाहिलंय. सुरुवातीच्या काळात मी ज्या कॉलेजात होतो तिथे क्षेत्रभेटीचा अहवाल दरवर्षी तोच असे, फक्त मुलांची नावं बदलत. कुणी कुठे गेलेलं नसे. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस अपेक्षित प्रश्नसंच वाटला जाई आणि निकाल चांगला लागे. ती मुलं हुशार होती. त्यांच्या तीन वर्षांचं आम्ही नुकसान केलं, ही सल मला आजही आहे.

फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आता सक्तीचे आहेत, तर त्याचं सोनं कर. माझ्या एका विद्यार्थिनीनं आपल्या गावातल्या वीरगळांवर, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकदगडांवर, काम केलं होतं. गावाच्या वेशीला, मारुतीच्या पाराला, एक तर ओढ्याच्या कडेला कपडे धुवायचा दगड म्हणून पडलेली, अशा सात वीरगळ तिनं शोधल्या. प्रत्येकीची लांबी-रुंदी मोजली, चित्र काढलं. खालच्या चौकटीत लढाई आणि गाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई का असतात, हे तिला म्हाताऱ्या धनगरबाबानं सांगितलं: गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्यांचे दगड हे. तोपर्यंत गाव त्या दगडांना नुसतंच शेंदूर लावत होतं. तिचा अहवाल चाळीस पानांचा झाला, आणि ओढ्याकाठचा दगड ग्रामपंचायतीनं उचलून चावडीसमोर उभा केला. ती पुढे पुरातत्त्व शिकायला गेली. तुझ्या तालुक्यात असं काम करायला जागा कमी नाही. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, मंदिराच्या घंटेवरचा मजकूर, हेही सगळं साधनच.

पुण्यात शिकलीस तर भारत इतिहास संशोधक मंडळात जायला लाग. राजवाडे प्रभृतींनी 1910 मध्ये स्थापन केलेली ही संस्था आहे. पेशवे दप्तरही पुण्यातच आहे, तिथे कापडात बांधलेले कागदांचे हजारो रुमाल आहेत. पहिल्यांदा रुमाल सोडताना हात थरथरतो. माझा थरथरला होता. ऑन जॉब ट्रेनिंगचे 4 क्रेडिट, म्हणजे साधारण 120 तास, एखाद्या संग्रहालयात, अभिलेखागारात किंवा ग्रंथालयात घालवता येतील का, हे दुसऱ्या वर्षापासूनच विचारायला लाग. आयत्या वेळी धावपळ केली तर कुठलं तरी झेरॉक्सचं दुकान पदरी पडतं.

आता वडिलांचा प्रश्न. तो योग्यच आहे, त्याचा राग धरू नकोस. इतिहासाचं बीए झालं की लगेच नोकरी, असं मी म्हणणार नाही. प्राध्यापकी अवघड झाली आहे. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झालेली गुणी मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबताना मी बघतोय. शाळेत शिकवायचं तर बीएड आणि त्यापुढच्या परीक्षा. स्पर्धा परीक्षांना इतिहासाचा उपयोग आहे, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यानं लिहिता येणाऱ्याला जास्तच. पण "बीए म्हणजे एमपीएससीची तयारी" असं धरून तीन वर्षं वर्गाबाहेर काढू नकोस. दोन्हीकडून हुकतं.

पण मोडी वाचता येणाऱ्या माणसाला काम आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 2023 मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कार्यालयांतले जुने मोडी कागद वाचायला माणसं मिळेनात. माझे दोन जुने विद्यार्थी त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते. जमिनीचे जुने कागद, इनामपत्रं, वाटणीपत्रं घेऊन लोक वकिलाकडे जातात आणि वकील मोडी जाणकाराला शोधतो. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात. बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी केलंस आणि मोडी येत असेल, तर ग्रामीण भागात त्या वकिलाची किंमत वेगळी असते. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए आहे. संग्रहालयं, वारसास्थळांची माहिती देण्याचं काम, पत्रकारिता, अनुवाद, या सगळ्या वाटा आहेत. त्यांतल्या एकीवरही नुसत्या पदवीच्या कागदावर प्रवेश मिळत नाही. काहीतरी वाचता, शोधता, लिहिता यावं लागतं. म्हणून पुन्हा पुन्हा साधनांचं सांगतोय.

इंग्रजीची भीती लिहिली आहेस. उत्तरपत्रिका खुशाल मराठीत लिही, मराठीतून शिकून मोठं काम करणारे पुष्कळ आहेत. पण रोज इंग्रजीचं एक पान शब्दकोश घेऊन वाच. कंपनी सरकारच्या काळाची बरीचशी साधनं त्या भाषेत आहेत. तीन वर्षांत हजार पानं होतील, मग भीती राहणार नाही. आणि शिकत असताना घरी जावंसं वाटलं तर जा, पण हजेरी सोडू नकोस. अंतर्गत गुण वर्गात बसणाऱ्यालाच मिळतात.

प्रवेशाला अजून काही दिवस असतील. तोवर एक काम देतो, वडिलांना शेजारी बसवून कर. वर सांगितलेले शब्द वापरून हे वर्ष काढायचं आहे: समान अशर मयातैन व अलफ. पत्र मृगानंतरचं आणि डिसेंबरच्या आधीचं धर, म्हणजे 599 मिळवायचे. वर्ष आलं की त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पुण्यात, खडकीच्या मैदानावर आणि शनिवारवाड्यावर काय झालं, ते शोधून मला लिहून पाठव.